द्रवनत्र पात्र लवकर रिकामं होतंय? उन्हाला दोष देण्याआधी काट्यावर ठेवा

होळी आटोपली की विदर्भातल्या तालुक्यातालुक्यात कृत्रिम रेतन करणाऱ्यांची एकच तक्रार असते: गोठवलेलं वीर्य साठवायचं, द्रवनत्राने (द्रवरूप नायट्रोजनने) भरून घेतलेलं ३५ लिटरचं पात्र पुढची गाडी येईपर्यंत पुरत नाही. मोजपट्टी टाकून पाहावी तर तळाशी चार बोटं द्रव. मग ‘ऊन किती आहे बघा ना’ म्हणून विषय संपतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात गावातून निरोप येतो की भरवलेल्या गायी उलटताहेत, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येताहेत.

उन्हाचा वाटा आहेच. पण तो किती, हे मोजता येतं, आणि मोजलं की बहुतेक वेळा कारण दुसरीकडेच सापडतं.

ऊन नेमकं किती खातं

द्रवनत्र उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतं. पात्रात ते सतत मंद उकळतच असतं. बाहेरून जेवढी उष्णता आत शिरेल तेवढंच उडतं. एक लिटरचं वजन साधारण ८१० ग्रॅम आणि ते उडायला सुमारे १६० किलोज्यूल उष्णता लागते. याचा सरळ हिशेब असा की सतत एक वॅट उष्णता आत शिरत राहिली तर दिवसाला अर्ध्या लिटरहून थोडं जास्तच जातं. देवघरातल्या १५ वॅटच्या झिरोच्या बल्बाएवढी उष्णता शिरली तर दिवसाला आठ लिटर. ३५ लिटरच्या चांगल्या पात्राची रोजची घट पाव लिटरच्या आसपास असते, म्हणजे ते अर्ध्या वॅटपेक्षाही कमी उष्णता आत येऊ देतं. वस्तू किती नाजूक आहे ते यावरून समजा.

हे जमतं ते बांधणीमुळे. ॲल्युमिनियमचं एक भांडं दुसऱ्या भांड्यात फक्त मानेच्या नळीवर लटकवलेलं असतं. ही नळी फायबरग्लासची असते, कारण धातूची नळी उष्णता भराभर खाली नेईल. दोन भांड्यांमध्ये व्हॅक्यूम, आणि त्यात चकचकीत फॉइल व काचतंतूच्या कागदाचे अनेक थर. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये केलेल्या निर्वात भांड्याचंच हे पुढचं रूप. उष्णतेला आत यायला दोनच मोठ्या वाटा उरतात: भिंतीतून प्रारणाने आणि मानेतून वहनाने.

आता २५ अंशांचा जानेवारी आणि ४५ अंशांचा मे ताडून पाहा. मानेतून येणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानांतल्या फरकावर ठरते. तो फरक २२१ अंशांवरून २४१ वर जातो, म्हणजे वाढ नऊ-दहा टक्के. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातात वाढतं. तिथे वाढ तीस टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे व्हॅक्यूम शाबूत असलेल्या पात्राची घट भर नवतप्यातही दहा ते तीस टक्क्यांनीच वाढायला हवी. पाव लिटरचं फार तर एक तृतीयांश लिटर होईल. दुप्पट झालं असेल तर तो दोष चंद्रपूरच्या उन्हाचा नाही.

हा हिशेब सावलीतल्या पात्राचा आहे. थेट उन्हात ॲल्युमिनियमचं अंग हवेपेक्षा बरंच जास्त तापतं. टिनाच्या छपराखाली दुपारी छताकडूनही झळ येते. पात्र खोलीत भिंतीच्या कडेला, उत्तरेच्या बाजूला ठेवा.

तीन दिवसांची शांत चाचणी

मोजपट्टीवर भिस्त ठेवू नका. खांद्याशी आणि तळाशी पात्र गोलावतं, तिथे एक सेंटिमीटर म्हणजे किती लिटर हे बदलतं. शिवाय पट्टीवर दहिवराची पांढरी रेघ उमटायला हवेत ओलावा लागतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ती इतकी फिकी येते की दोघांनी पाहिली तर दोन आकडे निघतात. वजन मात्र फसवत नाही. गावात धान्य खरेदीचा इलेक्ट्रॉनिक काटा असतोच. ५० ग्रॅम किंवा त्याहून बारीक फरक दाखवणारा हवा. कापसाच्या गाडीचा वजनकाटा इथे उपयोगाचा नाही.

१. पात्र निम्म्याहून जास्त भरलेलं असू द्या. कोरड्या पात्रात नुकताच भरणा केला असेल तर ४८ तास थांबा. पात्र आतून पूर्ण गार व्हायला वेळ लागतो, आणि व्हॅक्यूममधले उरलेसुरले वायूचे कण शोषून घेणारा पदार्थही गारठल्यावरच नीट काम करतो. तोवरची घट जास्तच दिसते.

२. बूच जागेवर आहे, कॅनिस्टरच्या (वीर्य ठेवायच्या, लांब दांडीच्या डब्यांच्या) सगळ्या दांड्या आपापल्या खाचेत आहेत, हे पाहा.

३. सकाळी सहाला वजन करून लिहा. पुढचे ७२ तास पात्र उघडू नका. त्या दिवसांचं काम लहान पात्रातून भागवा.

४. चौथ्या दिवशी सकाळी सहाला, त्याच काट्यावर, तेच बूच असताना पुन्हा वजन करा.

५. फरकाला तीनने भागा, आलेल्या किलोच्या आकड्याला ०.८१ ने भागा. ही रोजची घट, लिटरमध्ये.

उदाहरण घ्या. पहिल्या दिवशी ३८.४० किलो, चौथ्या दिवशी ३७.६५. फरक ७५० ग्रॅम, रोजचे २५० ग्रॅम, म्हणजे ०.३१ लिटर. पात्रासोबतच्या पुस्तिकेत पाव लिटर लिहिलं असेल तर उन्हाळ्यात हे ठीक. पण चौथ्या दिवशी ३६.६० आलं, तर रोजची घट ०.७४ लिटर, जवळपास तिप्पट. व्हॅक्यूम उतरतोय.

तीन लिटरच्या फिरत्या पात्रालाही हीच चाचणी लागू आहे, फक्त आकडे वेगळे. शांत ठेवलं तर त्यातून दिवसाला १०० ते १५० मिलिलिटर जातं, म्हणजे भरलेलं पात्र तीन-चार आठवडे टिकायला हवं. रोज दुचाकीवर फिरलं तर त्याच्या निम्म्याहून कमी टिकेल, हे गृहीत धरा.

घाम येतो का, हे कधी पाहायचं

व्हॅक्यूम गेला की पात्राला बाहेरून घाम येतो किंवा खांद्यावर दहिवर चढतं, हे प्रत्येकाला शिकवलेलं असतं. खरं आहे, पण ऋतू पाहून. ऑगस्टमध्ये २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. पात्राचं अंग दोन अंशांनी गार झालं तरी ओल दिसते. मेमध्ये दुपारी ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असते तेव्हा दवबिंदू दहा अंशांच्या जवळ. अंग ३० अंशांपर्यंत उतरलं तरी वरून ठणठणीत कोरडं. म्हणून ‘घाम नाही, म्हणजे पात्र चांगलं’ हे वाक्य उन्हाळ्यात निरर्थक ठरतं. तेव्हा पहाटे तळहात फिरवून पाहा: खांदा, कमर, तळ. शेजारच्या रिकाम्या पात्रापेक्षा एखादा भाग स्पष्ट गार लागला, तर त्याच दिवशी वजनाची चाचणी लावा.

उलट, पावसाळ्यात भरणा झाल्यावर तासभर मानेभोवती आणि बुचावर पांढरं दिसतं, त्याने घाबरू नका. ते ओसरतं. दुसऱ्या दिवशीही अंगावर, खांद्याखाली राहिलं तर मात्र काळजीचं.

व्हॅक्यूम ठीक, तरी संपतं

शांत चाचणी पास झाली आणि तरी द्रवनत्र पुरत नसेल, तर ते हाताळणीत जातंय. इथेच सर्वांत जास्त सापडतं.

बूच आधी पाहा. फोमचा दांडा मानेत खोलवर जातो, तोच मानेतल्या वायूचा थर स्थिर ठेवतो. तो तुटला, आखूड झाला, टोपीपासून सुटला की लोक थर्माकोलचा तुकडा नाहीतर चिंध्यांचा बोळा कोंबतात. त्याच मापाचं नवं बूच मागवा, तेवढ्यावर भागतं. कॅनिस्टरची दांडी खाचेबाहेर बसली तरी बूच तिरकं राहतं आणि एका बाजूला फट पडते. ही फट डोळ्यांना दिसत नाही. कागदाची पट्टी बुचाभोवती फिरवा, जिथे सहज आत जाते तिथे बघा.

कूलर हा आपल्याकडचा खास प्रकार. पात्राला गारवा मिळावा म्हणून ते कूलरपुढे ठेवतात. हवा दहा-बारा अंशांनी गार झाली तर घटीत पाच ते पंधरा टक्क्यांची बचत होईल. बदल्यात ओली हवा मानेवर आदळते, बुचात पाणी मुरतं, त्याचा बर्फ होतो, बूच नीट बसत नाही. ओलं पोतं गुंडाळणंही तसंच: ॲल्युमिनियमला डाग पडून खड्डे होतात आणि घाम आला तरी कळत नाही. ओल्या सिमेंटवरही पात्र ठेवू नका, खाली लाकडी पाट द्या.

मग कॅनिस्टर वर काढण्याची सवय. स्ट्रॉ (वीर्य भरलेली बारीक नळी) शोधायला कॅनिस्टर मानेबाहेर काढून उजेडात धरला की दोन नुकसानं एकदम होतात. कोरडा, खोलीच्या तापमानाचा कॅनिस्टर आत सोडला तर शंभर-दोनशे मिलिलिटर द्रवनत्र एकट्या त्याला गार करण्यात उडतं. अर्धवट तापलेला परत गेला तर त्याच्या प्रमाणात. दिवसातून आठदा केलं तर हिशेब कळतोच. दुसरं नुकसान स्ट्रॉचं, आणि ते वजनात दिसत नाही. उणे १३० अंशांच्या वर गेलं की पेशींमधले बर्फाचे कण वाढू लागतात. पुन्हा गार केल्याने ते नुकसान भरून निघत नाही, दर वेळी साठत जातं. पाव मिलिलिटरची बारीक स्ट्रॉ काही सेकंदांतच तापते. म्हणून कॅनिस्टर मानेच्या वरच्या कडेपासून पाच सेंटिमीटर खालीच थांबवायचा, चिमट्याने स्ट्रॉ धरायची, पाच सेकंदांत काम संपवायचं. नाही सापडली तर कॅनिस्टर खाली बुडवा, दहा-पंधरा सेकंदांनी पुन्हा वर घ्या. कोणत्या कॅनिस्टरमध्ये गवळाऊ, कोणत्यात पूर्णाथडी, कोणत्यात जर्सी, याची चिठ्ठी पात्रावर चिकटवली तर शोधाशोध निम्मी होते.

पातळीचा एक मुद्दा यालाच लागून. स्ट्रॉची लांबी १३३ मिलिमीटर. द्रव १५ सेंटिमीटरवर आला की कॅनिस्टरमधल्या खालच्या मजल्यावरचे गोब्लेट (स्ट्रॉ ठेवायचे पेले) जेमतेम बुडलेले राहतात आणि वरच्या मजल्याचे नुसत्या वाफेत. बूच नीट असेल तर वाफही पुरेशी गार असते, पण प्रत्येक वेळी वर काढल्यावर त्या स्ट्रॉ लवकर तापतात. वरचा मजला आधी वापरा, आणि १५ सेंटिमीटर हीच भरण्याची वेळ समजा. रिकामं व्हायची वाट पाहणं स्वस्त पडत नाही, कारण कोरडं पात्र पुन्हा गार करण्यात बरंच द्रवनत्र जातं.

पट्टीवरून आठवलं: मोजायला पोकळ नळी कधी वापरू नका. खालच्या टोकाला द्रव उसळून उकळतं आणि नळीतून कारंजं वर येतं, सरळ तोंडावर. भरीव लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टीच हवी.

भरण्याच्या दिवशीच किती जातं

गाडीवरची टाकी दाबाखाली असते, आणि दाबाखालचं द्रवनत्र उणे १९६ पेक्षा थोडं गरम असतं. उघड्या पात्रात पडताच त्यातला काही भाग स्वतःला गार करण्यात उडतो; टाकीत वातावरणापेक्षा एक बार जास्त दाब असेल तर शंभरातले सहा-सात लिटर. वर पात्र कोरडं असेल तर आणखी. त्यामुळे काल काठोकाठ भरलेलं आज खाली दिसतं, यात दर वेळी कोणाची लबाडी नसते. लबाडी आहे की नाही हे ठरवायला भरण्याआधी आणि नंतर वजन करा: ३० लिटरचं बिल असेल तर उडालेलं वजा जाता पात्राचं वजन २२-२३ किलोंनी तरी वाढलेलं दिसायला हवं.

कोरड्या पात्रात एकदम ओतू नका. आधी दोन-तीन लिटर, मग बूच सैल ठेवून तासभर थांबा, मग हळूहळू भरा. नरसाळ्याची नळी मानेच्या खालपर्यंत जाऊ द्या. मानेचा आणि भांड्याचा सांधा चिकटवलेला असतो. द्रव मानेवर उडालं की सांधा एका बाजूने एकाएकी आकसतो, बारीक तडा जातो आणि व्हॅक्यूम हळूहळू उतरू लागतो. ‘नवं पात्र दोन वर्षांतच गेलं’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं.

दुसरं कारण पांदण रस्ता. आतलं भांडं एकट्या मानेवर लटकलेलं आहे हे ध्यानात ठेवा. दुचाकीच्या मागे नुसत्या दोरीने बांधलेलं पात्र प्रत्येक खड्ड्यात आडवं हिसकतं, आणि तो सगळा झटका मानेवर. मेळघाटातली वळणं असोत की कोरड्या काळ्या मातीतल्या गाडीवाटेचे खड्डे, पात्र फोम लावलेल्या लाकडी पेटीत, उभं आणि घट्ट बसलेलं हवं. खाली जुन्या ट्यूबची चुंबळ ठेवली तर उत्तम. आडवं कधीच नाही. मोठं पात्र तर हलवूच नये. ते जागेवर राहील, गावात फिरेल ते तीन लिटरचं.

बूच घट्ट बांधणं: हे करू नका

उडतंय म्हणून तोंडाला पॉलिथिन लावून रबर मारणं, बुचावर टेप चढवणं, वर वजन ठेवणं असे प्रकार होतात. स्वयंपाकाच्या सिलिंडरची सवय इथे घात करते. तिथला गॅस दाबामुळे द्रव राहतो, म्हणून सिलिंडर बंद ठेवतात. द्रवनत्र फक्त थंडीमुळे द्रव राहतं. खोलीच्या तापमानाला कितीही दाब दिला तरी ते द्रव राहणार नाही. एका लिटरचा जवळपास ७०० लिटर वायू होतो. तोंड बंद केलं तर पात्र फुटतं. बूच सैल असतं ते मुद्दाम. पावसाळ्यात बर्फ धरून बूच चिकटलं तर ठोकू नका. मानेवरून कोमट, कोरडं फडकं फिरवून सोडवा आणि सुक्या कापडाने पुसून परत लावा.

वायूचा दुसरा धोका दिसत नाही. ३५ लिटर सांडलं तर सुमारे २४ घनमीटर नायट्रोजन होतो, आणि दहा बाय दहा बाय दहा फुटांची खोली २८ घनमीटरची. श्वास गुदमरल्याची जाणीवही होत नाही, माणूस सरळ कोसळतो. सांडलं तर दारं-खिडक्या उघडून बाहेर या. कोणी आत पडलेला दिसला तर हवा खेळती झाल्याशिवाय त्याच्यासाठी आत जाऊ नका. जीपच्या बंद काचांत पात्र नेऊ नका. हातमोजे सैल, चामड्याचे. पायात चप्पल नको, बंद बूट, आणि पँट बुटावरून. त्वचेला लागलं तर चोळू नका, कोमट पाण्यात धरा आणि डॉक्टरांना दाखवा.

व्हॅक्यूम गेलाच असेल तर

एका रात्रीत पाच-सात लिटर गेलं, अंगभर दहिवर आलं, तर चाचणी करत बसू नका. आधी स्ट्रॉ हलवा. दुसरं भरलेलं पात्र अगदी शेजारी, मानेला मान लागेल असं ठेवा. गोब्लेट त्यातल्या द्रवासकट उचला. तळ बंद असल्याने स्ट्रॉ त्या द्रवात बुडलेल्या राहतात. पंखा बंद, दोघेजण, एक उचलेल आणि एक बूच सांभाळेल, एका गोब्लेटला तीन-चार सेकंद. दुसरं पात्र दूर असेल तर जाड थर्माकोलच्या डब्यात द्रवनत्र ओतून स्ट्रॉ त्यात बुडवा, झाकण सैल ठेवा आणि निघा.

पात्र पूर्ण कोरडं सापडलं तर त्यातल्या रेतमात्रा वापरू नका, नंतर द्रवनत्र भरलं तरी. स्ट्रॉ बाहेरून अगदी पूर्वीसारखीच दिसते, हीच अडचण. किती काळ कोरडं होतं याची खात्री नसेल तर त्या साठ्यातल्या दोन-तीन स्ट्रॉ ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद वितळवून सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतूंची हालचाल तपासून घ्या. गायी उलटू लागल्यावर कळणं म्हणजे शेतकऱ्याचे किमान २१ दिवस वाया.

दुरुस्ती गावात होत नाही. बाहेरच्या अंगावर टोपीखाली व्हॅक्यूमचं तोंड असतं. ते उचकटलं की उरलासुरला व्हॅक्यूमही जातो. फ्रिजवाल्याच्या पंपाने येणारा व्हॅक्यूम इथे पुरत नाही, आणि वेल्डिंगवाल्याकडे नेलं तर मानेचा सांधा जळतो. पात्र बनवणाऱ्याकडेच पाठवा.

वर्षातून एकदा, शक्यतो हिवाळ्यात, साठा दुसरीकडे हलवून पात्र रिकामं करा. दोन दिवस बूच काढून हवेशीर जागी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग कोमट पाणी आणि सौम्य साबणाने विसळा, दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा आणि उलटं टेकवून पूर्ण वाळवा. तळाला तुटलेल्या स्ट्रॉ, चिठ्ठ्यांचे तुकडे आणि मानेतून पडलेल्या बर्फाचं पाणी निघेल. वाळलेल्या रिकाम्या पात्राचं वजन बुचासकट करा आणि तारखेसह परमनंट मार्करने त्याच्याच अंगावर लिहून ठेवा. पुढे कधीही काट्यावर ठेवलं की त्यातून हा आकडा आणि कॅनिस्टर-स्ट्रॉचं वजन वजा करा, ०.८१ ने भागा. आत किती लिटर आहे ते बूच न काढता कळेल.